आयत्या वेळचा विषय : फुटबॉल

नगरच्या नागापुरात फुटबॉल क्लब नाही. एमआयडीसी आहे, सीनेवरचा पूल आहे, मनमाड रोडवर अवजड वाहनांची न संपणारी रांग आहे आणि या सगळ्याची धूळ बसावी अशा बेताच्या जागी एक चहाची टपरी आहे. या टपरीवर पहिली पाळी सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत एका फुटबॉल क्लबच्या आर्थिक भवितव्याची चर्चा चालते. हा क्लब पुण्याचा होता, मग हैदराबादचा झाला, आता दिल्लीचा आहे. चर्चा मात्र जागची हललेली नाही.

या सगळ्याचं मूळ एका केशरी जर्सीत आहे. ती घालणारा पोरगा सीएनसी मशीनवर काम करतो. २०१७-१८ च्या हंगामात मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून हा गडी एफसी पुणे सिटीची मॅच बघायला बालेवाडीला गेला. नगर ते पुणे सव्वाशे किलोमीटर. त्यात शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीत माणसाची खेळावरची श्रद्धा तावून सुलाखून निघते. त्या वर्षी पुणे सिटी पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचली आणि पोरगा कायमचा बाटला. जर्सी आता इतकी विटली आहे की नवख्या माणसाला ती गॅस एजन्सीची वाटते. एकदा तर टपरीवरच्या एका गिऱ्हाइकानं त्याला सिलिंडर कधी येणार म्हणून विचारलं होतं.

क्लबची कथा तशी सरळ आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि वाधवान घराण्याच्या पैशावर पुण्याचा संघ उभा राहिला. १९९८ चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघातला डेव्हिड त्रेझेगे पहिल्याच वर्षी बालेवाडीत खेळला. मालकांच्या यादीत आधी हृतिक रोशन दिसला, पुढं अर्जुन कपूर. आमच्याकडे जत्रेच्या कुस्त्यांना पाहुणे बोलावतात तसंच हे. पाहुणा नारळ फोडतो, फेटा बांधून घेतो आणि आखाड्याचं बिल आलं की त्याची गाडी निघालेली असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या संघाची जागा हैदराबादला गेली. त्याच नोव्हेंबरात वाधवानांच्या डीएचएफएलचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेनं बाजूला केलं आणि कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात नेली.

"कुणी विचारलंसुद्धा नाही आम्हाला," पोरगा आजही म्हणतो. आवाजात घरची वडिलोपार्जित विहीर भावकीनं परस्पर विकल्याचं दुःख असतं.

यावर अण्णांचा प्रश्न ठरलेला. "तू सभासद होतास का?"

"तिकीट काढलं होतं की."

"तिकीट काढून एसटीत बसलास म्हणून एसटी तुझी झाली का?"

अण्णा जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात चौतीस वर्षं होते. निवृत्तीनंतर मुलाकडे नागापूरला आले. त्यांनी फुटबॉलची एकही मॅच अखंड पाहिलेली नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे पोरांनी त्यांना साखरेचे डबे मांडून तीनदा समजावलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "म्हणजे माल पोचायच्या आधी माणूस गोडाऊनला पोचला, असंच ना? मग त्याला शिट्टी कशाला, त्याची चौकशी लावा." पण ताळेबंद म्हटला की अण्णा टेबलापलीकडून उलटासुद्धा वाचतात. नोकरीत त्यांनी तीन चेअरमन, दोन प्रशासक आणि एक अवसायक जवळून पाहिला. क्लब का बुडतात हे कळायला ऑफसाइडपेक्षा ही पात्रता मोठी, असं आता माझंही मत झालं आहे.

अण्णांचं म्हणणं असं की फुटबॉल क्लब हा कारखानाच असतो, फक्त धुराडं नसतं. खेळाडू म्हणजे ऊसतोडीची टोळी. उचल आधी घ्यायची, हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या कारखान्यानं चार पैसे जास्त दाखवले की तिकडं कोयते लावायचे. कोच म्हणजे मुकादम. टोळी त्यानं जमवायची आणि टोळी पळाली की शिव्याही त्यानंच खायच्या. तिकीटविक्री म्हणजे साखर.

"आणि साखरेवर आजवर कुठला कारखाना तगलाय?" अण्णा ग्लास खाली ठेवून विचारतात. "तगतो तो मळीवर, बगॅसवर, इथेनॉलवर, सहवीजनिर्मितीवर. तुमच्या फुटबॉलचं इथेनॉल कुठाय?"

इथेनॉल म्हणजे टीव्हीचे हक्क, हे एव्हाना सगळ्या टपरीला पाठ आहे. इंग्लंडातले क्लब त्यावर जगतात. आपल्याकडे नुसतं उसाचं चिपाड निघतं, आणि तेही बैलानं तोंड फिरवावं इतकं कोरडं.

लेबर कॉन्ट्रॅक्टर असलेल्या आमच्या एका दोस्ताचा या सहकारी तत्त्वज्ञानाला कडवा विरोध आहे. क्लब खासगी माणसाकडेच हवा, तोही बड्या उद्योगाकडे, असं तो ठासून सांगतो. मग पोरगा त्याला पुण्याची यादी ऐकवतो. पुणे एफसी, २००७ चा क्लब, अशोक पिरामल समूहाचा. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. २०१५ मध्ये त्यांनी मुख्य संघ गुंडाळला. भारत एफसी कल्याणी समूहाचा. एकच हंगाम खेळला आणि गेला, बारसं आणि बारावं एकाच मांडवात. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम. त्यांची तर लिव्हरपूलच्या नावानं अकादमी होती. पण २०१७ ला संघानं मैदान सोडलं आणि २०१८ च्या फेब्रुवारीत डी. एस. कुलकर्णींना ठेवीदारांच्या प्रकरणात अटक झाली. चौथा एफसी पुणे सिटी. चार वर्षांत चार क्लब, चारही मालक नाणावलेले.

"मुंबईत महिंद्रा युनायटेड होता," पोरगा थांबायला तयार नसतो. "राष्ट्रीय लीग जिंकलेला. २०१० ला बंद. गोव्यात २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग एकाच उन्हाळ्यात आय-लीगमधून बाहेर पडले."

"त्यांनी तोटा तरी स्वतःचा केला," कॉन्ट्रॅक्टर म्हणतो. "तुमच्या सहकारासारखा सभासदांचा नाही."

यावर टपरीत शांतता पसरते. नगर जिल्ह्यात हे वाक्य जपून बोलावं लागतं. १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगिळांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, त्याचा अभिमान इथं प्रत्येकाच्या खिशात असतो. आणि नगर अर्बन बँक शंभरी ओलांडून २०२३ च्या ऑक्टोबरात परवान्याला मुकली, तेव्हाची पासबुकंही इथल्याच कपाटांत आहेत. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. केशरी जर्सीला तेवढाही नाही.

अण्णा मात्र डगमगले नाहीत. "कारखाना बुडला तरी सभासदाला वर्षातून एकदा माइक हिसकावता येतो," ते म्हणाले. "सवलतीची साखर मिळते. चेअरमनला तोंडावर चोर म्हणायची सोय असते. इतिवृत्तात ते 'काही सभासदांनी सूचना मांडल्या' असं लिहिलं जातं, पण लिहिलं जातं. ह्या पोराला काय मिळालं? साखर मिळायची राहिली, जर्सीही विकतच घ्यावी लागली."

हैदराबादला गेल्यावर क्लबचं काय झालं ते पोरगा सांगतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. २०२२ च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याला हैदराबादनं केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून चषक जिंकला. मोडलेल्या सोयरिकीतली मुलगी कलेक्टर झाल्याचं कानावर यावं, तसं त्याला झालं. पण दोन वर्षांत तिथंही पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले. २०२४ मध्ये बी. सी. जिंदल समूहानं क्लब घेतला आणि २०२५ ला तो दिल्लीला नेऊन त्याचं स्पोर्टिंग क्लब दिल्ली केलं. परवाना एक, गावं तीन. तलाठ्याचीसुद्धा इतक्या लांब बदली होत नाही.

आमच्या जिल्ह्याचंही नाव बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पण जिल्हा जागच्या जागी आहे. सीना तिथूनच वाहते आणि मनमाड रोडचे खड्डे कुणी दिल्लीला नेले नाहीत, तशी आमची हरकतही नव्हती.

आमच्यातला चौथा मेंबर क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे आणि मुंबई सिटीचा भक्त आहे. सहा वर्षं या माणसानं आम्हाला फार छळलं. २०१९ च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे मँचेस्टर सिटीचे मालक, म्हणजे अबू धाबीचा पैसा. त्या दिवसापासून हा गडी टपरीवर कटिंगऐवजी स्पेशल मागू लागला. "आमची सिस्टीम आहे," असं तो म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. २०२०-२१ ला मुंबईनं साखळीची ढाल आणि चषक दोन्ही जिंकले, नंतर आणखी एक ढाल, आणखी एक चषक. मग २०२५ च्या डिसेंबरात बातमी आली की लीगच्या व्यावसायिक भवितव्याचीच खात्री नसल्यानं सिटी ग्रुप भारतातून बाहेर पडतोय आणि हिस्सा मूळ मालकांकडे परत जातोय. त्या संध्याकाळी त्यानं कटिंग मागितला. टपरीवाल्या मामांनीही न बोलता कटिंगच दिला. टपरीच्या इतिहासात एवढा हळवा क्षण दुसरा नाही.

भवितव्याची खात्री नव्हती म्हणजे काय, तेही इथं खोलात चर्चिलं गेलं. भारतीय फुटबॉल महासंघानं २०१० च्या डिसेंबरात पंधरा वर्षांसाठी सातशे कोटींचा व्यावसायिक करार केला होता. तो २०२५ च्या ८ डिसेंबरला संपला. नव्या करारासाठी महासंघानं निविदा काढली. एकही निविदा आली नाही.

"एकही नाही?" अण्णांनी चष्मा काढला. "आमच्याकडे बंद पडलेल्या शौचालयाच्या दुरुस्तीला तीन निविदा येतात. दोन मेहुण्याच्या असतात, पण येतात."

सप्टेंबरात सुरू होणारी लीग लटकली. क्लबांनी सराव थांबवले, काहींनी पगार. शेवटी जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारी २०२६ चा मुहूर्त जाहीर केला : चौदा संघ, एक्याण्णव सामने. अण्णांच्या दृष्टीनं हा निकाल लागलेला खटला होता. "दसऱ्याला बॉयलर पेटायचा, तिथं शिमग्याच्या तोंडावर मोळी टाकताय. उतारा काय पडणार?"

इथवर आलं की चर्चा परदेशात जाते. पासपोर्ट कुणाकडेच नसल्यानं ती बिनधास्त जाते. जर्मनीत क्लबाच्या मतांपैकी निम्म्याहून एक मत जास्त सभासदांकडेच राहावं असा नियम आहे, त्याला फिफ्टी प्लस वन म्हणतात, हे पोरानं सांगितलं तेव्हा अण्णा खूष झाले. "म्हणजे पॅनल!" स्पेनमध्ये बार्सिलोना क्लबचे लाखाहून जास्त सभासद आहेत आणि अध्यक्ष ते मतदानानं निवडतात, हे ऐकून तर त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"मतदानाआधी सभासदांना सहलीला नेतात का?"

"नाही, अण्णा."

"ढाबा?"

"नाही."

"मग निवडून कसा येतो?" अण्णांना हे खरोखर समजत नव्हतं.

याच बार्सिलोनाच्या डोक्यावर २०२१ मध्ये अब्जाहून अधिक युरोंचं ओझं निघालं आणि २०२२ साली त्यांनी आपल्या टीव्ही उत्पन्नातला पाव हिस्सा पुढच्या पंचवीस वर्षांसाठी विकून रोकड उभी केली. आर्थिक पानांवर याचं वर्णन भारदस्त शब्दांत आलं होतं. अण्णांनी एका शब्दात संपवलं : "उचल." आणि मग थोडं थांबून, "पंचवीस हंगामांची उचल घेतलेली टोळी मी पाहिली नाही. मुकादम वारला तर?"

पण पोराच्या काळजाला हात घातला तो विम्बल्डननं. लंडनचा हा क्लब. मैदान आधी एका सुपरमार्केट साखळीला विकलं गेलं, मग २००२ ला क्लबच मिल्टन कीन्स नावाच्या गावी हलवायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली, अगदी खालच्या पायरीपासून खेळले, २०११ ला इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये पोचले आणि २०२० ला जुन्या मैदानाच्या रस्त्यावर परत आले.

"किती लांब नेला होता क्लब?" कॉन्ट्रॅक्टरनं विचारलं.

"नव्वद किलोमीटर."

"नव्वद?" कॉन्ट्रॅक्टर हसायला लागला. "माझी पोरं सुप्याहून पुढं रांजणगावला रोज अप-डाउन करतात. आणि ह्याचा क्लब साडेपाचशे किलोमीटरवर गेला तर ह्यानं एक स्टेटस ठेवला, रडक्या इमोजीचा."

पोरगा गप्प झाला. टोला वर्मी बसला होता, कारण खरा होता. पुण्यात चार क्लब गेले, पण त्यांच्या जागी चाहत्यांनी वर्गणी काढून पाचवा उभा केला, असं काही झालं नाही. आपण मालकाला शिव्या देतो त्या मालकी मागण्यासाठी नव्हे, दुसरा मालक यावा म्हणून. हे वाक्य मीच टपरीवर टाकलं आणि ते फुकट गेलं, कारण नेमका तेव्हा मामांनी तोंड उघडलं.

मामा मूळचे कोल्हापूरचे. एरवी ते फक्त "किती?" एवढंच बोलतात. त्या दिवशी म्हणाले, "आमच्याकडं क्लब विकतच नाहीत."

"का?"

"विकायला असतंय काय? तालीम असते, पेठ असते, मारुती असतो. पाटाकडील काय, शिवाजी तरुण मंडळ काय, खंडोबा काय, मालकच नाही. मग मालक पळून जायची भानगडच नाही." दूध खाली उतरवून पुढं म्हणाले, "पोरगं पेठेत जन्मलं की त्याचा क्लब ठरला. शाहू स्टेडियमला वीस हजार माणूस बसतंय डर्बीला. पैसे नसतील तर वर्गणी. वर्गणी नसेल तर उधारी. अन् कधीमधी दगडं पडत्यात, ते काय, प्रेम हाय."

दगडांचा तपशील सोडला तर टपरीला ही पद्धत पटली. मारामारीमुळं कोल्हापूरचे हंगाम मध्येच थांबवावे लागल्याचं पोरगा सांगत होता, पण तोवर अण्णांनी वहीचं कोरं पान काढून मध्यभागी 'श्री' लिहिलं होतं. नागापूरचा स्वतःचा क्लब. मालक नाही, सभासद. प्रत्येकी शंभर रुपये भाग. एका सभासदाला एक मत. पोराचे डोळे पाणावले.

ही गोष्ट सहा महिन्यांपूर्वीची. त्यानंतर क्लबाच्या नऊ सभा झाल्या. पहिल्या तीन नावावर गेल्या. चौथी आणि पाचवी पोटनियमांवर, कारण कॉन्ट्रॅक्टरला स्वीकृत संचालक हवे होते आणि अण्णांचं म्हणणं होतं की स्वीकृत संचालक ही कीड आहे. सहाव्या सभेत क्वालिटी कंट्रोलवाल्यानं 'सिस्टीम' या विषयावर भाषण केलं. सातव्या सभेत महिला प्रतिनिधी हवी असं ठरलं, तेव्हा प्रत्येकजण दुसऱ्याच्या बायकोचं नाव सुचवू लागला. आठव्या सभेत पोरानं भीतभीत विचारलं की चेंडू कधी घ्यायचा. भांडवली खर्च असल्यानं तो विषय उपसमितीकडे गेला. उपसमितीत अण्णा आहेत.

नवव्या सभेत अण्णांनी हिशेब वाचून दाखवला. अकरा सभासदांचं भागभांडवल रुपये ११००. नऊ सभांच्या चहाची मामांकडची उधारी रुपये १२६०. संचित तोटा रुपये १६०. चेंडूला पाय न लावता क्लब आजारी पडला होता. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र नोकरीतले जुने दिवस परत आल्याचा उजाळा होता.

मामांनी उधारीच्या बदल्यात क्लब घ्यायची तयारी दाखवली आहे. त्यांच्या अटी तीन : नाव बदलणार नाही, मॅच टपरीसमोरच्या मोकळ्या जागेत होईल आणि मध्यंतरात बाहेरचा चहा चालणार नाही. पोराची संमती आहे, कॉन्ट्रॅक्टरचा खासगीकरणाला तत्त्वतः पाठिंबा आहे, आणि आयुष्यात प्रथमच अण्णांना अधिग्रहणाचा प्रस्ताव कुठल्या रकान्यात लिहावा ते सुचलेलं नाही. तूर्त त्यांनी तो आयत्या वेळच्या विषयांत टाकला आहे.

दहावी सभा येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता टपरीवर बोलावण्यात आली आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. सभासदांनी येताना चहाचे पैसे आणावेत.